राखाडी बूच

"मी काईच पेली नाई, भाऊ," खाटेवरची बाई मला म्हणाली.

"सगळ्या असंच म्हणतात," सिस्टर मेश्राम सलाईनची नळी सरळ करत म्हणाल्या. "आणा तो रिपोर्ट इकडे."

मी रिपोर्ट त्यांना दिला नाही, मुद्दाम ओलांडून डॉक्टर इंगोल्यांच्या हातात दिला. एरवी रिपोर्ट घेऊन वॉर्डात जायला मी काही शिपाई नव्हतो. पण त्या मंगळवारची गोष्ट वेगळी होती. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन. फवारणीच्या दिवसांत औषध अंगात गेलेली माणसं दरवर्षी यायची. त्यातलं विषबाधेचं कोण आणि नुसतं उन्हानं भोवळलेलं कोण, हे आम्ही डोळ्यांच्या बाहुल्या बघून आणि तोंडाचा वास घेऊन ठरवायचो. दोन वर्षं जिल्ह्याला पत्रं लिहून लिहून मी कोलिनेस्टरेजची तपासणी मंजूर करून आणली. रक्तातला हा एक घटक. फवारणीचं औषध अंगात गेलं की तो धाडकन खाली येतो. धडधाकट माणसाचा पाच हजारांच्या वर असतो. या बाईचा नऊशे ऐंशी आला होता.

किट येऊन चार दिवस झाले होते आणि ही माझी पहिली केस. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

"नऊशे ऐंशी!" डॉक्टरांनी चष्मा वर केला. "ढोके, शाब्बास. मी तर साधी हगवण धरून चाललो होतो." त्यांनी केसपेपर ओढला. सकाळी त्यावर स्वतःच लिहिलेलं 'बाहुल्या नॉर्मल' खोडलं आणि वर 'बारीक' असं लिहिलं, विषबाधेत होतात तशा. बाईच्या डोळ्यांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. हे सगळं मी उभं राहून पाहिलं, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट ऊर भरून आला.

"साहेब, माह्यं ऐका ना," बाई म्हणाली. "कालच्या बारशातली बासुंदी खाल्ली मी. राहिलेली व्हती, आंबूस लागली. तवापासून वकाऱ्या चालू हायेत."

तिचं नाव करुणा बोरकुटे. वय चोवीस. खाटेच्या पायथ्याशी तिची सासू यमुनाबाई सात महिन्यांच्या नातवाला खांद्यावर घेऊन उभी होती. सकाळी दोघींचं भांडण झालेलं, आणि फवारणीच्या औषधाची बाटली घरात कोनाड्यात. आमच्याकडे ती कोणाच्या घरात नसते? पण भांडण, बाटली आणि वर माझा कागद, म्हणजे दोन अधिक दोन चार झालंच.

"पाह्यलं?" यमुनाबाई आजूबाजूच्या खाटांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "कागद सांगून राह्यला. अन् ही बासुंदीचं नाव घेते."

"आत्याबाई, पोराले द्या. त्याची प्यायची येळ झाली."

"तुह्यं जहर पाजू का त्याले? जिनं पोटच्या लेकराचा इचार केला नाई, तिच्यापाशी मी पोरगं ठेवत नसते."

आणि ती पोराला घेऊन चालती झाली. पोर वॉर्डाच्या दारापर्यंत रडत गेलं, मग आवाज येईनासा झाला. करुणा उठायला गेली तर सिस्टर मेश्रामनी तिला खांदा धरून आडवी केली. मी लॅबमध्ये परत आलो आणि शामरावांना म्हणालो, "एक चहा सांगा. माझ्यातर्फे."

शामराव आमचे लॅब अटेंडंट. रक्ताचे बल्ब, म्हणजे बुचाच्या छोट्या नळ्या, आले की बूच काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि वर सुटलेलं पिवळं पाणी कपात ओतून माझ्यापुढे मांडायचं, हे त्यांचं काम. मी कपावरचा नंबर बघायचो आणि मशीन लावायचो. बल्ब कसला होता, बूच कोणत्या रंगाचं होतं, हे बघण्याची मला पंधरा वर्षांत गरज पडली नव्हती.

बुधवारी करुणाला अ‍ॅट्रोपिन चढलं. विष उतरवायला देतात ते इंजेक्शन. विष असेल तर जीव वाचवतं आणि नसेल तर माणसाला वेडंपिसं करतं. तिचा चेहरा लालबुंद झाला, तोंड कोरडं पडलं, आणि ती हवेतून काहीतरी वेचून ओटीत टाकत बसली. कापूसच वेचत असावी. बायका खाटेभोवती जमून हळहळल्या. "जहर डोस्क्यात गेलं," असं एकीनं ठरवलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. विष म्हटलं की पोलिसांना कळवावं लागतं, आणि तेव्हा स्वतःचा जीव द्यायला निघणं हाही गुन्हाच होता. जमादार आला, अशा अवस्थेतल्या बाईचा जबाब लिहून सही घेऊन गेला. तिनं काय सांगितलं आणि त्यानं काय लिहिलं, ते त्यालाच ठाऊक.

शुक्रवारी ती शुद्धीत आली होती. तपासणी पुन्हा करायची म्हणून मी स्वतः रक्त घ्यायला गेलो. तेही हौसेनंच, पहिला आकडा आणि दुसरा आकडा शेजारी मांडून मला तक्ता करायचा होता, जिल्ह्याला पाठवायला. मी सुई लावली आणि लाल बुचाचा बल्ब काढला.

करुणा बल्बाकडे बघत होती. "हा येगळा हाय," ती म्हणाली.

"काय वेगळा?"

"त्या दिशीच्या शिशीचं बूच राखडी व्हतं. बुडाशी पांढरी भुकटीबी व्हती."

"तुला भास झाला असेल. औषधानं होतं तसं."

"औषध तं मंग देलं, भाऊ. रगत आंधी घेतलं."

मी सुई काढली. बल्ब खिशात घातला, लॅबमध्ये आलो आणि मंगळवारचे फॉर्म काढले. तिच्या फॉर्मवर दोन तपासण्या होत्या, साखर आणि कोलिनेस्टरेज. आणि कोपऱ्यात, सिस्टर मेश्रामच्या बारीक अक्षरात, एक ओळ: 'प्लेन बल्ब नाही. दोन्ही फ्लोराइडमध्ये पाठवत आहे.' हा फॉर्म मंगळवारी तासभर माझ्या कोपराखाली पडलेला होता.

प्लेन म्हणजे लाल बुचाचा, आत काही न घातलेला; राखाडी बुचाचा बल्ब साखरेसाठी असतो. त्यात फ्लोराइडची पूड असते. तिनं रक्तातली साखर टिकते. पण तीच पूड कोलिनेस्टरेजचा गळा दाबते. त्यात घातलं तर तुमचं, माझं, डॉक्टर इंगोल्यांचं रक्तसुद्धा विष प्यायल्यासारखं दिसेल. हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी नवा नमुना लावला. खात्रीसाठी दोनदा लावला. दोन्ही वेळा पाच हजार आठशेच्या आसपास आलं. विषानं खाली गेलेलं कोलिनेस्टरेज तीन दिवसांत इतकं वर येत नाही, महिना-महिना घेतं. म्हणजे ते खाली गेलंच नव्हतं.

मी तडक वॉर्डात गेलो. माझा संताप अनावर झाला होता.

"सिस्टर, ही काय पद्धत आहे? कोलिनेस्टरेज फ्लोराइडमध्ये? एका बाईचं वाटोळं केलंत तुम्ही!"

सिस्टर मेश्राम औषधाच्या गोळ्या मोजत होत्या. त्यांनी मोजणं थांबवलं नाही. "आवाज खाली करा, ढोके. मंगळवारी बारा वाजता मी कुठं होते?"

"मला काय माहीत?"

"तुमच्या टेबलासमोर. प्लेन बल्ब संपलेत, दहा द्या म्हणून. आणि तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवलं. नको असताना लख्ख आठवलं. सिस्टरांचं आणि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. वॉर्डातल्या आयाबाया लाल बुचाचे बल्ब घरी न्यायच्या, मुलांच्या कानात घालायचं तेल त्यात भरायच्या. एकीच्या घरी तर मी त्यात हिंग पाहिला होता. म्हणून मी सगळे प्लेन बल्ब लोखंडी कपाटात कुलूपबंद केले होते आणि नियम काढला होता: इंडेंट बुकावर, म्हणजे मागणीच्या वहीत, मेडिकल ऑफिसरची सही आणा, तरच बल्ब. मंगळवारी डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात अडकलेले, सही मिळेना. सिस्टर म्हणाल्या, "पेशंट ओकतोय हो." मी म्हणालो होतो, "मग सहीला वेळ लागणार नाही." तेव्हा कपाटात साडेतीनशे बल्ब होते.

"मी फॉर्मवर लिहून पाठवलं," सिस्टर म्हणाल्या. "वाचणं तुमचं काम. आता लिहा तुम्ही, चूक झाली म्हणून. खुशाल लिहा. पण सगळं लिहा. लाल बुचं कोणाच्या कपाटात होती, तेही."

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवा रिपोर्ट पाहिला आणि चेहरा उजळला.

"पाच हजार आठशे! अ‍ॅट्रोपिननं काय काम केलंय बघा."

"साहेब, अ‍ॅट्रोपिनचा याच्याशी संबंध नाही. मला वाटतं पहिला आकडा चुकला असावा. तिला विषबाधा नव्हतीच."

"बरी झाली ना? विष नव्हतं तर विषाच्या औषधानं बरी कशी झाली?"

"हगवण आपोआप थांबते, साहेब."

"ढोके, पोलिसांकडे कागद गेलाय. आता असावा-बिसावा चालत नाही. चुकला म्हणता ना, मग लेखी द्या. कसा चुकला, कोणामुळे चुकला, कारणासकट. मी वर पाठवतो. चौकशी लागेल, तुमची लागेल, किटही परत जाईल. आहे तयारी?"

मी दुसऱ्या रिपोर्टखाली एवढंच लिहिलं: 'पहिला नमुना अयोग्य असण्याची शक्यता.' डॉक्टरांनी ते वाचलं, हसले, आणि केसपेपरवर लिहिलं: 'उपचाराला उत्तम प्रतिसाद.' म्हणजे ती विष प्यायली नव्हती असं सांगणारा माझा कागद, ती विष प्यायली होती याचा दुसरा पुरावा म्हणून फायलीत लागला. घरी जाऊन मी बायकोवर ओरडलो, भाजीत मीठ नाही म्हणून. वड्याचं तेल वांग्यावर. मीठ व्यवस्थित होतं.

शनिवारी दुपारी मी स्कूटर काढली आणि करुणाच्या गावी गेलो. यमुनाबाई ओसरीत बसून पोराला वाटी-चमच्यानं पाणीदार दूध पाजत होती. अर्धं त्याच्या गळ्यावरून ओघळत होतं आणि पोर चमचा जिभेनं बाहेर ढकलत होतं.

"बाई, तुमची सून काही प्यायली नव्हती," मी उभ्याउभ्याच म्हणालो. "आमचा रिपोर्ट चुकला."

तिनं चमचा वाटीत ठेवला. "कोनं चुकवला?"

"वॉर्डात चुकीच्या बल्बमध्ये रक्त घेतलं गेलं. होतं असं कधीकधी."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मीच चकित झालो. वॉर्डात. होतं असं कधीकधी.

यमुनाबाईनं पोराचा गळा पदरानं पुसला. मग म्हणाली, "बाटलीचं सील फोडेलच नोतं."

"काय?"

"म्या त्याच दिशी पाह्यलं. तिले गाडीत घातलं अन् म्या आंधी कोनाड्यात हात घातला. सील जसंच्या तसं व्हतं. घरात दुसरी बाटली नाई."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? वॉर्डात एवढं सगळं..."

"बोलनारच व्हती," ती एकदम चिडली. "तेवढ्यात तुमी आले ना कागद घेऊन! म्या म्हनलं, मी अडानी बाई. सरकारी दवाखान्याचा कागद खोटा कसा असन? म्हनलं, कुठून आनून पेली असन. माह्याच डोळ्यावर मी भरोसा नाई ठेवला, भाऊ, तुमच्या कागदावर ठेवला."

मी पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला.

रविवारी सकाळी ती पोराला घेऊन वॉर्डात आली. सुनेशी एक शब्द बोलली नाही, पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पदराला डोळे पुसले. आमच्याकडे याला माफी मागणं म्हणतात. करुणानं पोराला छातीशी घेतलं. ते आधाशासारखं लागलं, ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं, आणि मग संतापून किंचाळलं. तिनं कूस बदलून दुसऱ्या बाजूला घेतलं. तिकडेही तेच. पाच दिवसांची उपासमार आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन. ते तोंडाला कोरड पाडतं तसं दूधही आटवतं. सिस्टर मेश्राम कुठूनतरी पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आल्या. यमुनाबाई खिडकीपाशी बसून ते कोमट पाण्यात ढवळू लागली.

मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. मला राहवेना. मी करुणाला सगळं सांगितलं, हळू आवाजात, पण काही न वगळता. कपाट, कुलूप, इंडेंट बुक, साडेतीनशे बल्ब, न वाचलेली ओळ. सासूला वॉर्डाचं नाव सांगितलं, तेही. बोलून संपलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि आता ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल, असं मी धरून चाललो होतो. दोन्हीची माझी तयारी होती.

ती पोराला थोपटत होती. थोपटणं थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हे मले कायले सांगता, भाऊ? मी पेली नाई, हे मले पयल्या दिसापासून ठाऊक हाय."

तिनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"त्यायले सांगा. डाक्टरले सांगा. त्या जमादाराले सांगा. आता जसं बोलले, तसंच."

"हो," मी म्हणालो. "सांगतो."

यमुनाबाई माझ्यापासून चार पावलांवर होती. डॉक्टर इंगोले राऊंड घेत तिसऱ्या खाटेपर्यंत आले होते. सिस्टर मेश्राम त्यांच्याबरोबर होत्या, आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी स्टुलावरून उठलो. डॉक्टर म्हणाले, "काय ढोके, आज रविवारी?" मी म्हणालो, "सहज आलो होतो, साहेब." आणि त्यांच्या बाजूनं निघून लॅबमध्ये गेलो.

उद्या लिहू, असं मी ठरवलं. सोमवारी कागद घेतला. 'विषय' लिहिलं, 'संदर्भ' लिहिलं, आणि 'कारण'पाशी आल्यावर शामराव चहा घेऊन आले. मंगळवारी तिला घरी सोडलं. त्यानंतर बल्बचं कपाट मी उघडं ठेवू लागलो आणि प्रत्येक बुचाकडे स्वतः बघू लागलो. फार चांगला टेक्निशियन झालो म्हणा ना. पुढं जिल्ह्यानं माझा सत्कारही केला, विषबाधेच्या अचूक निदानासाठी. मी शाल घेतली.

तिची केस दीड वर्ष चालली. प्रत्येक तारखेला ती गावाहून यायची, पोराला कडेवर घेऊन. पुढंपुढं पोर तिचं बोट धरून चालू लागलं. कोर्ट रुग्णालयाच्या पलीकडच्याच आवारात. मी लॅबच्या खिडकीतून बघायचो. मनात म्हणायचो, या खेपेला जातो. साक्षीला मला कोणी बोलावलं नाही, पण मला जायला कोणी बंदीही केली नव्हती.

एक दिवस दुपारी ती लॅबच्या दारात आली.

"सुटली मी, भाऊ," ती म्हणाली.

"अरे वा! सुटलीस?"

"हो. वकील म्हने, पुरावा नाई म्हून सोडलं. गावात तेच म्हनतात. पेली तं व्हतीच, पन पुराव्यावाचून सुटली."

ती दारातच थांबली. घाईत नव्हती. शामराव बाहेर गेले होते, लॅबमध्ये आम्ही दोघंच. तिला माझ्याकडून काय ऐकायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिचा फॉर्म, कोपऱ्यातल्या ओळीसकट, माझ्या टेबलाच्या खणात होता. मी तो फाडला नव्हता. फाडायचीही हिंमत झाली नव्हती. मला लाज वाटली. अजून वाटते.

"चांगलं झालं," मी म्हणालो, आणि पोराचं नाव विचारलं.

तिनं नाव सांगितलं. मग पोराला म्हणाली, "चाल बाबू, यायले काम हाय," आणि त्याचं बोट धरून गेली.